माथाई सारांच्या खोलीचं दार

अंबुजाक्षनचं टेबल गोडाऊन आणि ऑफिस यांच्या मधल्या बोळात होतं. कोच्चुतारा मॅट्समध्ये येणारा प्रत्येक माणूस, जाणारा प्रत्येक माणूस आणि उगाच हिंडणारा प्रत्येक माणूस त्या टेबलाला वळसा घालूनच पुढे सरकायचा. अरुंद जागेतून वारा जास्त वेगाने जातो हा नियम शाळेत सगळ्यांनाच शिकवतात, पण कालव्याकडून सुटलेल्या वाऱ्याने उडालेल्या पावत्या गोळा करताना अंबुजाक्षनला तो जितका पटला होता तितका केरळातल्या आलप्पुळा गावात दुसऱ्या कुणाला पटला नसेल.

पदाने तो खरेदी अधिकारी होता. पायपुसण्यांसाठी लागणारं काथ्याचं सूत विकत घेणं हे त्याचं काम. टेबलाला मात्र हे पद कुणी कळवलेलं नसावं. त्यावर लोक ओल्या छत्र्या ठेवत, जेवणाचे डबे ठेवत, हेल्मेट ठेवत. एकदा तर कुणीतरी टॅपिओकाचं अख्खं पोतं ठेवून गावाला गेला होता. छत्र्यांचंही एक वेळ चालेल. पण जाता जाता लोक त्याचे कागद वाचत आणि वाचून मत देत. मागच्या वर्षी मूळव्याधीच्या डॉक्टरची चिठ्ठी वाऱ्याने उडून मागांच्या शेडमध्ये गेली, आणि पुढचा आठवडाभर विणकर बायका त्याला गाठून काय खावं, काय टाळावं आणि कशावर बसावं हे मोठ्या आपुलकीने सांगत होत्या. माणसाला आपल्या दुखण्यापुरती तरी भिंत हवी, असं अंबुजाक्षनचं त्या आठवड्यात मत झालं.

भिंती होत्या. त्यांना दारही होतं. बोळाच्या टोकाला जुने मॅनेजर माथाई सार (तिकडे 'सर'चं 'सार' होतं) यांची खोली रिकामी पडली होती. सार निवृत्त होऊन लेकीकडे बहारीनला गेले, त्याला दीड वर्ष झालं. खोलीचं दार फणसाच्या जाड लाकडाचं, पितळी मुठीचं. ते लोटलं की 'ठप्' असा खोल, खानदानी आवाज यायचा आणि बाहेरचं जग संपायचं. दुपारी सगळे जेवायला गेले की अंबुजाक्षन गुपचूप आत जायचा, दार लोटायचा आणि काहीही न करता बसायचा. त्या शांततेत आपण थोडे उंच झाल्यासारखं त्याला वाटायचं.

अशाच एका दुपारी मालकांनी, म्हणजे ईपन मुतलाळींनी, त्याला आत पकडलं. पण ते रागावले नाहीत. त्यांच्या हातात हॉलंडच्या गिऱ्हाइकाचा ईमेल छापलेला होता, आणि ईमेल हातात असला की मुतलाळींना इतर काही दिसत नसे.

"अंबुजाक्षा, हरित पुरवठा-साखळीबद्दल आपल्या कामगारांच्या भावना काय आहेत?"

"कसली साखळी, मुतलाळी?"

"सोडण कुठून येतं, सूत कसं येतं, माल कशात बांधून जातो, या सगळ्यात आपण निसर्गाची काळजी घेतो का. आणि घेतली तर त्याबद्दल कामगारांना काय वाटतं, ते जास्त काम करतात की कमी."

"पण आपण नारळाच्या सोडणाची पायपुसणी करतो. याहून हरित काय असतं?"

"तेच मी म्हणालो. ते म्हणतात, माल हरित आहे हे मान्य. माणसांची मनं हरित आहेत का ते बघायचंय." मुतलाळींनी घाम पुसला. वर्षाचा निम्मा माल हॉलंडला जायचा. ती ऑर्डर गेली तर निम्मे माग थांबणार, हे बोळातल्या छत्र्यांनासुद्धा ठाऊक होतं. "हे तू अंगावर घे. नीट पार पाडलंस तर तू मॅनेजर, आणि माथाईची ही खोली तुझी."

"दारासकट?"

"दारासकट म्हणजे काय? खोलीला दार असतंच."

हे वाक्य अंबुजाक्षनने लिहून घ्यायला हवं होतं.

हॉलंडहून वीस विधानांची एक प्रश्नावली आली. प्रत्येक विधानासमोर पाच चौकटी: 'पूर्ण असहमत'पासून 'पूर्ण सहमत'पर्यंत. कामगाराने आपल्या मनात डोकावून एका चौकटीत खूण करायची. अंबुजाक्षनने दोन रात्री जागून सगळं मल्याळममध्ये उतरवलं, शंभरावर प्रती काढल्या आणि शेडमध्ये वाटायला सुरुवात केली. तिसऱ्या मागापाशी युनियनचे सेक्रेटरी सखाव, म्हणजे कॉम्रेड, पुष्पांगदन यांनी त्याला थांबवलं. त्यांचा चष्मा काथ्याच्या दोरीने गळ्यात लटकलेला असे. तो त्यांनी डोळ्यांवर चढवला की कंपनीला धडकी भरायची.

"सार, हे प्रत्येकाने वेगवेगळं भरायचं?"

"अर्थात. प्रत्येकाचं स्वतःचं मत."

"म्हणजे एकी फुटणार."

"नाव लिहायचं नाहीये, सखाव."

"म्हणजे निनावी फूट. ती तर जास्त वाईट. फुटलं कोण तेही कळायचं नाही." पुष्पांगदन यांनी कागद उलटसुलट करून पाहिला. "भावना कामगारवर्गाच्या विचारल्यात ना? मग वर्गाची सभा घ्यावी लागेल."

सभा अंगणातल्या बदामाच्या झाडाखाली झाली. काळा चहा आणि डाळीचे परिप्पुवडे कंपनीच्या खर्चाने आले, कारण भावना कंपनीने विचारल्या होत्या. पहिली सहा विधानं सुरळीत गेली. सातवं होतं, 'निसर्गाची काळजी घेणाऱ्या कंपनीत मी अधिक उत्साहाने काम करतो.' यातल्या 'अधिक' या शब्दावर पॅकिंग विभागातल्या सरोजिनीचेचींनी हरकत घेतली. अधिक म्हटलं की सध्या कमी आहे असं निघतं, आणि उद्या मुतलाळी तो कागद तोंडावर मारतील. त्यावर दुरुस्ती आली. दुरुस्तीला उपदुरुस्ती आली. मग उत्साह मोजायचा झाला तर मीटरमध्ये की किलोत, यावर एक चांगलं अभ्यासपूर्ण भाषण झालं. माग दिवसभर मुके होते. कामाच्या उत्साहावर चर्चा चालू असल्यामुळे काम बंद ठेवणं भागच होतं.

संध्याकाळी एकमताने ठरलं की सगळ्यांनी सगळ्याच विधानांना 'पूर्ण सहमत' म्हणायचं. सहमतीने कुणाचं वाकडं होत नाही.

आता प्रश्नावली तयार करणारे लोकही काही साधे नसतात. लोक वाचून उत्तरं देतात की डोळे मिटून, हे तपासायला ते मधेच एखादं उलटं विधान पेरून ठेवतात. तसं ते तेरावं होतं: 'पर्यावरणाची ही सगळी भानगड मला कटकटीची वाटते.' यालाही शंभरावर माणसं पूर्ण सहमत झाली. अंबुजाक्षनचं विज्ञान बी.एस्सी.पर्यंतचं. सगळी मापं दशांशापर्यंत सारखी आली की मापणाऱ्याने पट्टीच लावली नाही असा संशय घेतात, हे त्याला ठाऊक होतं. म्हणून थोडीफार विविधता यावी यासाठी त्याने आपल्या स्वतःच्या कागदावर दोन ठिकाणी नुसतं 'सहमत' केलं. पुष्पांगदन यांच्या नजरेतून ते सुटलं नाही. टेबल शेवटी बोळातलं.

"सार, ही दोन सहमत कच्ची का?"

"ते... माझं मत आहे."

"असू दे, असू दे. मॅनेजमेंटमध्ये फूट असायचीच."

आठवड्याने हॉलंडहून उत्तर आलं. लिहिणाऱ्या विल्लेमिनबाई तिकडच्या हरित खात्याच्या प्रमुख. त्यांनी फार सभ्य भाषेत कळवलं होतं की असा निकाल त्यांनी आजवर कुठल्याच देशात पाहिला नाही, आणि त्यांच्या कॉम्प्युटरने तो स्वीकारायला नकार दिला आहे. अंबुजाक्षनच्या डोळ्यांपुढे ते दार हळूहळू मिटायला लागलं, आणि तो बाहेरच्या बाजूला होता. पण ईमेलचा शेवट वेगळाच होता. 'तथापि, प्रत्येक कागदाच्या तळाशी कामगारांनी हाताने लिहिलेली सूचना आम्हाला अतिशय भावली. सूत लॉरीऐवजी पूर्वीसारखं पाण्याच्या मार्गाने होडीतून आणावं, ही खरी हरित भावना! पुढच्या महिन्यात मी येत आहे. तेव्हा धक्क्यावर उभी राहून सुताची होडी येताना पाहीन. ऑर्डरचं त्यानंतर ठरवू.'

"कसली सूचना?" कागद पाठवताना चौकटी तेवढ्याच पाहिलेला अंबुजाक्षन धावत शेडमध्ये गेला. "सखाव, होडीचं कुणी लिहिलं?"

"सभेने."

"पण कशासाठी?"

"सार," पुष्पांगदन समजुतीच्या सुरात म्हणाले, "ठरावाच्या शेवटी एखादी मागणी नसली तर ठराव उघडा वाटतो."

होडी शोधणं अवघड जाईल असं अंबुजाक्षनला वाटलं नव्हतं. गावभर कालवे, पलीकडे एवढं मोठं वेंबनाड सरोवर. त्याने शेजारच्या गीवर्गीस सारांना विचारलं. सार भूगोलाचे निवृत्त शिक्षक. कुंपणाच्या भिंतीवर कोपर टेकून सल्ला देण्याची त्यांची जागा इतकी पक्की होती की तिथला गिलावा झिजला होता.

"अरे, होड्यांना काय तोटा? माझ्या लहानपणी तांदूळ, नारळ, सूत, सगळं केट्टुवल्लममधून जायचं. काथ्याच्या दोरीने शिवलेल्या होड्या, एक खिळा नाही!"

"त्या होड्या आता कुठे मिळतील, सार?"

गीवर्गीस सारांनी टेकलेलं कोपर बदललं. "त्यांत आता एसी आहे."

खरंच होतं. अंबुजाक्षन तीन रविवार सायकल मारत फिरला. मालवाहू होडी म्हणून जी जी होती तिच्यावर बांबूचं छप्पर चढलं होतं, आत पलंग गेला होता आणि तिची हाउसबोट झाली होती. एकीचं रेस्टॉरंट झालं होतं. एक रिसॉर्टच्या बागेत उलटी मांडून तिच्यावर फुलझाडं लावली होती. सूत वाहणारी होडी मिळेना, पण हनीमूनची होडी म्हणाल तितकी.

मग परवान्याचं काम. जलवाहतुकीच्या ऑफिसातले साहेब पेपरमधून मान वर न करता म्हणाले, "हाउसबोटीत माल नेता येत नाही."

"मग?"

"प्रवासी नेता येतात. प्रवाशांचं सामान नेता येतं."

"किती सामान?"

"त्याला मर्यादा नाही. उत्तरेकडची मंडळी लोणच्याच्या बरण्यासुद्धा आणतात." आता त्यांनी मान वर केली. "तुमचं किती आहे?"

"चार टन."

साहेबांनी पेपरची घडी करून तो बाजूला ठेवला. "किती दिवसांसाठी निघालात?"

म्हणजे प्रवासी हवा. तो स्वतः झाला असता. पण ज्या एकाच बोटीचा मालक सुताला तयार झाला त्या 'हनीमून स्टार'चं पॅकेज फक्त जोडप्यासाठी होतं. एकट्या पुरुषाला ते बोट देत नसत. एकटा पुरुष पाण्याकडे बघत बसतो आणि मग पोलिसांची भानगड होते, असा त्यांचा अनुभव. जोडीदाराचं नाव आणि ओळखपत्र सक्तीचं.

अंबुजाक्षनने हे बायकोला, लतिकाला, सांगितलं तेव्हा ती मासे साफ करत होती. ती पोस्टात काउंटरवर बसायची. दिवसभर लोकांच्या सबबी ऐकून तिचे कान तयार झाले होते.

"म्हणजे बघा चेट्टा," ती सुरी खाली ठेवून म्हणाली, "लग्नाला बावीस वर्षं झाली. दर वर्षी मी म्हणते, एकदा हाउसबोटीत जाऊ. दर वर्षी तुम्ही म्हणता, ते टुरिस्ट लोकांसाठी असतं."

"असतंच ते तसं."

"आणि आता सुताला घेऊन निघालात?"

"लतिके, तुझं नुसतं नाव पाहिजे. आधार कार्डाची झेरॉक्स दिलीस तरी..."

"झेरॉक्स नाही येणार. मी येणार. सामान किती आहे म्हणालात?"

"चार टन."

"मग त्यात माझ्या दोन साड्या बसतील."

ठरल्या दिवशी सकाळी सरोवराकाठच्या मुहम्मा गावात, सूत विकणाऱ्या सोसायटीच्या धक्क्यावर 'हनीमून स्टार' उभी होती. नाकावर झेंडूचा हार, छपराला रंगीत दिवे. चालक कुंजप्पी कॅप्टनची टोपी घालून उभा होता. पॅकेजमध्येच असलेला स्वयंपाकी तंकच्चन, पॅकेजमध्येच असलेले दोन शहाळी घेऊन पुढे आला. तोवर हमालांनी सुताच्या गासड्या आत न्यायला सुरुवात केली होती. एक बेडरूम भरली, दुसरी भरली. डबलबेडवरच्या चादरीवर गुलाबाच्या पाकळ्यांचा बदाम काढलेला होता, त्याच्या बरोबर मधोमध शेवटची गासडी बसली. कुंजप्पीने सवयीने एसी लावला आणि दार ओढून घेतलं, सुताला एकांत मिळावा म्हणून.

"इंजिन नको हं," अंबुजाक्षन म्हणाला. "धूर चालणार नाही. बांबूने ढकलत न्यायची."

"सार, बांबू आहे," कुंजप्पी म्हणाला, "पण तो फोटोसाठी आहे."

"तुम्हाला बांबू मारता येत नाही?"

"माझे आजोबा मारायचे. मी गाडीवर होतो आधी. ड्रायव्हिंग सारखंच असतं हे, फक्त रस्ता ओला."

शेवटी असं ठरलं की सरोवर इंजिनाने पार करायचं आणि गावचा कालवा लागला, धक्का दिसण्याच्या आत, इंजिन बंद करायचं. हा तोडगा निसर्गाला कितपत मान्य होता ते कळायला मार्ग नाही. पण सरोवरावर वारा छान होता. लतिका नव्या साडीत, काळा चष्मा लावून, पुढच्या वेताच्या खुर्चीत बसली होती आणि तंकच्चन करीमीन मासे तळत होता. तिने त्रिशूरच्या बहिणीला व्हिडिओ कॉल लावला. "मागे काय गं ते खोलीभर?" बहिणीने विचारलं. "तुझ्या भावजींचं सामान," लतिका म्हणाली आणि इतकी हसली की अंबुजाक्षन गासड्यांची मोजदाद सोडून तिच्याकडे बघत राहिला. क्षणभर तो दार विसरला. नंतर लगेच आठवलं, पण क्षणभर विसरला हे खरं.

कालव्याच्या तोंडाशी इंजिन बंद झालं, आणि पहिल्या वळणावर बोटही.

समोर जलपर्णी होती. दोन्ही काठांपर्यंत हिरवीगार, वर जांभळी फुलं. इतका हरित मार्ग हॉलंडने स्वप्नातही पाहिला नसेल. अडचण एवढीच की त्यातून बोट जात नव्हती. हाकेच्या अंतरावर कंपनीचा धक्का दिसत होता. धक्क्यावर मुतलाळी, आणि त्यांच्या शेजारी उंच, पांढऱ्या केसांच्या विल्लेमिनबाई. त्यांनी हात हलवला. लतिकाने पण हलवला.

काठावर माणसं जमायला वेळ लागला नाही. मागे घ्या, असं एकाने सांगितलं. मागे घ्याल तर फसाल, असं दुसऱ्याने. गीवर्गीस सार तर सायकल टाकून खास आले होते.

"अंबुजाक्षा, भरतीची वेळ बघून निघालास ना?"

"तुम्ही सांगितलं नव्हतंत, सार!"

"तू विचारलं नव्हतंस. तू होडीचं विचारलं होतंस."

कुंजप्पीने कंबर धरून सांगितलं की बांबू मारणं पॅकेजमध्ये नाही. बाई बघत होत्या. अंबुजाक्षनने कमरेचं मुंडू वर खोचलं, फोटोसाठी ठेवलेला तो बांबू उचलला, चिखलात रोवला आणि सगळं बळ लावून रेटलं. प्रत्येक क्रियेला तेवढीच प्रतिक्रिया असते. बोट खरोखरच हातभर पुढे गेली. बांबू मात्र चिखलात होता तिथेच राहिला, आणि दोहोंपैकी कुणाबरोबर राहायचं हे अंबुजाक्षनने वेळेत ठरवलं नाही. तो काही काळ बांबूवर होता. मग सावकाश, अगदी प्रतिष्ठेने, घसरत घसरत कमरेएवढ्या पाण्यात उतरला. डोक्यावर जलपर्णीचं एक पान, पानावर एक जांभळं फूल. काठावरून टाळ्या पडल्या.

धक्क्यावरून पुष्पांगदन यांचा आवाज आला, "सार, मदत हवी का?"

"हवी! लवकर या!"

"ही मागणी आहे की विनंती?"

"विनंती आहे, सखाव, विनंती!"

"मग बरं झालं. विनंतीला सभा लागत नाही." त्यांनी मागे वळून हाक दिली, आणि शेड रिकामी झाली. पॅकिंगमधून काथ्याचा जाड दोर आला. तो बोटीच्या नाकाला बांधला आणि शंभरावर माणसं दोन्ही काठांनी ओढायला लागली. सरोजिनीचेचींनी होड्यांच्या शर्यतीतला ठेका धरला, आणि मग काय विचारता. आलप्पुळ्यातल्या माणसाला तो ठेका ऐकू आला की त्याला वाटतं आपली बोट मागे पडतेय. जलपर्णीचे गालिचे गुंडाळत, झेंडूचा हार उडवत 'हनीमून स्टार' अशा वेगाने निघाली की कुंजप्पी भोंगा वाजवायला लागला. चिखलातला अंबुजाक्षन काठालगतच्या पाण्यातून मागोमाग धावत होता.

धक्क्याच्या पायऱ्या मात्र वापराअभावी कधीच खचल्या होत्या. बोट आणि जमीन यांच्यात दोन माणसं खांद्याला खांदा लावून मावतील एवढी फट राहिली. बोटीची स्वतःची फळी हातात ट्रॉली बॅग घेतलेल्या नवविवाहितांसाठी होती. पहिल्या गासडीखाली ती काडकन मोडली.

"जाड फळी हवी," कुणी म्हणालं. "रुंद. मजबूत."

पुष्पांगदन यांनी चष्मा चढवला. "माथाई सारांच्या खोलीचं दार," ते म्हणाले.

"नाही!" अंबुजाक्षन ओरडला. पण तो अजून पाण्यात होता आणि ठेका चालूच होता. त्या दाराच्या बिजागऱ्यांना तेल घालावं म्हणून त्याने वर्षभरात चारदा अर्ज केला होता, तरी कुणाला वेळ झाला नव्हता. आज चहाचा घोट घ्यावा तेवढ्यात दार सुटलं, सहा खांद्यांवरून बोळातून आलं आणि धक्क्यावर आडवं पडलं. ठप्. तोच आवाज. कामगारांच्या कार्यक्षमतेबद्दल हॉलंडला जी काही शंका होती ती तिथे कायमची मिटली.

दारावरून सूत उतरायला लागलं. एसीतून निघालेल्या थंडगार गासड्या बघून हमाल त्यांना गाल लावत होते. काहींना गुलाबाच्या पाकळ्या चिकटल्या होत्या. विल्लेमिनबाई फोटो काढत सुटल्या होत्या. मग त्या वाकल्या, पितळी मुठीवर हात फिरवला आणि विचारलं, "हे दार कुठलं?"

मुतलाळी धंद्यात उगाच टिकले नव्हते. "हे आमचे नवे मॅनेजर अंबुजाक्षन," ते म्हणाले. "होडीसाठी त्यांनी आपल्या खोलीचं दार दिलं."

बाईंनी चिखलाने माखलेल्या अंबुजाक्षनकडे पाहिलं. डोक्यावरचं फूल अजून होतं. "स्वतःहून?"

ठेका थांबला. सरोजिनीचेची बघत होत्या, पुष्पांगदन बघत होते, लतिका काळा चष्मा कपाळावर सरकवून बघत होती. अंबुजाक्षनने दाराकडे पाहिलं. त्यावर ओल्या पायांचे ठसे उमटत होते. 'नाही' म्हटलं तर दार परत मिळेल. मग त्या मिटलेल्या दाराआड बसून तो थांबलेल्या मागांची शांतता ऐकत बसेल.

"हो," तो म्हणाला. "स्वतःहून."

बाईंनी त्याचा चिखलाचा हात दोन्ही हातांत धरला. ऑर्डर दुप्पट झाली.

अंबुजाक्षन मॅनेजर झाला आणि खोलीत बसायला लागला. दार धक्क्यावरच राहिलं, कारण आता दर महिन्याला बोट येणार होती. शिवाय युनियनने ते दार कामगारांच्या हरित भावनेचं प्रतीक असल्याचा ठराव एकमताने केला होता. अंबुजाक्षन मुतलाळींकडे गेला.

"मी खोली म्हणालो होतो," मुतलाळी म्हणाले.

"तुम्हीच म्हणालात, खोलीला दार असतंच!"

"आहे की. धक्क्यावर."

नवीन दार बसवायचीही सोय नव्हती. हॉलंडच्या पुस्तिकेत अंबुजाक्षनचा चिखलातला फोटो पानभर छापून आला होता आणि खाली लिहिलं होतं: 'या मॅनेजरच्या खोलीला दार नाही.' ते खोटं ठरलं तर ऑर्डर धोक्यात. मग त्याने डोकं लढवलं. एका हॉटेलकडून रंग उतरल्यामुळे परत आलेलं पुरुषभर उंचीचं पायपुसणं गोडाऊनमधून काढलं आणि चौकटीत पडद्यासारखं टांगलं. त्यावर भल्यामोठ्या अक्षरांत 'वेलकम' होतं. आलप्पुळ्यात विणलेल्या पायपुसण्यावर दुसरं काय असणार?

पूर्वी बोळातून लोक फक्त जात होते. आता ते वाचून आत येत. निमंत्रणच होतं ते. येताना परिप्पुवड्याचे तेलकट हात जन्माच्या सवयीने पडद्याला पुसत, कारण वस्तू पुसण्यासाठीच केलेली. छत्र्यांसाठी खोलीत जागाही बोळापेक्षा जास्त होती.

सहा महिन्यांनी हॉलंडहून पुन्हा प्रश्नावली आली. 'मी माझ्या वरिष्ठांना केव्हाही भेटू शकतो' या विधानाला सगळ्यांनी 'पूर्ण सहमत' केलं, आणि या वेळी सभा घ्यावी लागली नाही. एक कागद मॅनेजरनेही भरायचा होता. अंबुजाक्षन शेवटच्या विधानापाशी अडला: 'निसर्गाची काळजी घेतल्यामुळे माझ्या कामाच्या जागेत सुधारणा झाली आहे.' त्याने पेन उचललं आणि पहिल्या चौकटीकडे नेलं.

मागे कुणीतरी 'च्च' केलं. त्याने वळून पाहिलं. खुर्चीमागे अर्धी पॅकिंग उभी होती, सरोजिनीचेची ताटकळून खिडकीत बसल्या होत्या, आणि डबा द्यायला आलेली लतिका तिसऱ्या रांगेतून टाचा उंचावून वाचत होती.

"सार, खुशाल वेगळं मत द्या," पुष्पांगदन चष्मा चढवत म्हणाले. "नाव थोडंच लिहायचंय?"

"पाचवी चौकट, चेट्टा," लतिका मागून म्हणाली. "पुढच्या बोटीला मी कुठली साडी नेसायची तेही ठरलंय."

अंबुजाक्षनने पाचव्या चौकटीत खूण केली, पेनाची शाई बोटांना लागली होती म्हणून उठला, आणि वेलकमला हात पुसून पुन्हा खुर्चीकडे वळला. तोवर खुर्चीत कुणीतरी छत्री ठेवली होती.